धंद्याचे गणित भाजीच्या गाडीवर शिकवा

माननीय संपादक,

नवउद्योजकांसाठी आणि बचत गटांच्या महिलांसाठी हल्ली गावोगावी प्रशिक्षणाचे वर्ग भरतात. बऱ्याच ठिकाणी बड्या कंपन्यांच्या यशोगाथा ऐकवल्या जातात. कर्जासाठीचा प्रकल्प अहवाल मात्र बाहेरून करून आणलेला असतो आणि त्यातला नफ्याचा आकडा कुठून आला, हे खुद्द अर्जदाराला सांगता येत नाही. ज्या गणितावाचून धंदे बसतात, ते रोज कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीवर उघड मांडलेले असते.

समजा, टोमॅटोचा २० किलोचा क्रेट २० रुपये भावाने ४०० रुपयांना घेतला. हमाली आणि टेम्पोचे ४० धरले, की गाडीवर तो ४४० ला पडतो. नवखा माणूस २० ने भागतो, २२ रुपये किलो पडला म्हणतो आणि २५ ने विकायला बसतो. पण तळाचे दबलेले, फुटलेले दोन किलो टाकून द्यावे लागतात. गिऱ्हाइकाला झुकते माप देण्यात दिवसभरात अर्धा किलो जातो. उरले साडेसतरा किलो, म्हणजे खरी पडलेली किंमत २५ रुपये १४ पैसे. उरलेला सगळा माल २५ ने खपला तरी पदरचे गेले! शिवाय संध्याकाळी मऊ पडलेले तीन किलो १५ रुपयांनी काढावे लागतात. ३० चा भाव लावला तर साडेचौदा किलोचे ४३५ आणि मऊ मालाचे ४५ मिळून ४८० येतात, दिवसभर उभे राहून सुटतात ४० रुपये. भाव ३५ लावला तर साडेएकशे बारा, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. तेवढा भाव मिळत नसेल, तर जाणती भाजीवाली त्या दिवशी क्रेट अर्धाच उचलते आणि गाडीवर कांदा-बटाटा वाढवते, कारण तो उद्याही विकता येतो. भागायचे ते विकल्या जाणाऱ्या मालाने, आणलेल्या मालाने नव्हे.

घरगुती चकलीच्या धंद्यात नेमके इथेच घोडे पेंड खाते. तुटलेल्या चकल्या, चवीला वाटलेली पाकिटे, तारीख उलटून परत आलेला माल यांचा खर्च कोणी धरत नाही. आणखी एक चूक नेहमीची. पाकिटाला ८० रुपये खर्च आला, २० चढवून किंमत १०० छापली. दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के कमिशन घेतले, की हातात येतात बरोबर ८०. नफा शून्य, त्यात स्वतःची मजुरी धरलेली नसेल तर तोटाच.

दुसरी गोष्ट भांडवलाच्या फिरण्याची. भाजीवालीचे ३,००० रुपये पहाटे बाजारात जातात आणि रात्रीपर्यंत गल्ल्यात परततात. महिन्यात २६ दिवस गाडी लागली, तर तेवढ्याच पैशांवर ७८,००० ची खरेदी होते. दुकानाला ४५ दिवसांच्या उधारीवर माल देणाऱ्या गटाचे तेच ३,००० दीड महिना अडकून पडतात. मग पुढच्या घाण्याच्या तेलासाठी कर्ज काढावे लागते. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात हे लक्षात येत नाही.

गाडीवरची चूकही तितकीच शिकण्यासारखी आहे. सकाळी ९०० घेऊन संध्याकाळी १,००० फेडण्याचा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो. रोजचे १०० किरकोळ वाटतात, पण २६ दिवसांत मुद्दल ९०० च राहून व्याज २,६०० होते. धंदा तोट्यात नसतो, नफा सावकाराकडे जातो. अशांसाठी पंतप्रधान स्वनिधी योजनेत विनातारण कर्ज आहे आणि वेळेवर हप्ते भरले, तर वार्षिक ७ टक्के दराने व्याज अनुदानही मिळते. हे बँकेत जाऊन समजून घेण्याची सवड गाडी सोडून जाता न येणाऱ्या बाईला नसते, म्हणून माहिती गाडीपर्यंत पोचवायला हवी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वर्गातला एक दिवस बाजार समितीत आणि हातगाडीजवळ घालवावा. प्रशिक्षणार्थींनी एकाच विक्रेत्याचा सलग सात दिवसांचा हिशेब चार रकान्यांत लिहावा: खरेदी, वाहतूक-हमाली, फेकलेला माल आणि गल्ला. त्या आधारे स्वतःच्या प्रकल्प अहवालातला नफा पुन्हा काढावा. आणि ज्या विक्रेत्याकडून हे शिकायचे, त्याला वर्गातल्या वक्त्याइतकेच मानधन द्यावे.

– एक वाचक, पुणे