रात्रीची गोळी

ऐरोली, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर दोघांचाही आवाज चढला. तुझ्या अपस्माराच्या (फिट्सच्या) गोळीचा विषय आता काढायचा नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे. अपस्मार आणि मायक्रोआरएनए यांवरचा तू पाठवलेला लेख नीट वाचला. त्यातलं विज्ञान खरं आहे, हे आधी मान्य करते.

मायक्रोआरएनए हा आरएनएचा साधारण 22 अक्षरांचा तुकडा. पेशीच्या केंद्रकात ड्रोशा आणि बाहेर डायसर ही विकरं त्याला लांब धाग्यातून कापून काढतात. मग आर्गोनॉट प्रथिनात बसून तो जुळणारा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची प्रथिन बनवायची प्रत, शोधतो. जुळणी मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवर ठरते. जनुक तसंच राहतं, फक्त त्यापासून प्रथिन कमी बनतं. अँब्रोस आणि रुवकुन यांना 2024 चं नोबेल या शोधासाठीच मिळालं.

आता झटक्यांमागचा मेंदूतला दाह. झटक्याच्या वेळी पेशींतून एचएमजीबी1 हे प्रथिन बाहेर पडतं, मेंदूतल्या मदतनीस पेशी मायक्रोग्लिया आणि अॅस्ट्रोसाइट इंटरल्युकिन-1 बीटा हा दाह वाढवणारा रेणू सोडतात. त्यामुळे चेतापेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम जास्त आत शिरतं आणि पुढच्या झटक्याची वाट सोपी होते. या साखळीत दाहाची जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी जागा होतो, पण तोच मिर-146ए हा मायक्रोआरएनए सुद्धा वाढवतो, आणि मिर-146ए आयआरएके1 व ट्राफ6 ही दाह पुढे नेणारी प्रथिनं दाबून साखळी थोपवू पाहतो. मिर-155 चं काम उलटं: आवर घालणारं एसओसीएस1 च तो कमी करतो. आजार जुना झाला की मिर-146ए वाढलेला दिसतो, तरी दाह ओसरत नाही. मला यातली खरी गंमत इथेच वाटते.

तुझ्या लेखातला मिर-134 मात्र दाहाचा नव्हे, चेतापेशींच्या काट्यांचा, म्हणजे जोडण्या घेणाऱ्या बारीक उंचवट्यांचा. तो त्या काट्यांना आकार देणारं लिमके1 प्रथिन दाबतो. 2012 मध्ये केनिक आम्लाने झटके आणलेल्या उंदरांत त्याला अडवलं, तर पुढचे झटके खूप घटले. पण ते अडवणारं औषध, अँटागोमिर, थेट मेंदूच्या पोकळीत टोचलं होतं. हे रेणू रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाहीत. शिवाय एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना धरतो. त्याला अडवलं की आणखी काय सुटेल, हे तपासल्याशिवाय माणसाला कोण देणार? तोवर तुझी रात्रीची गोळी आहेच. बघ, आलाच विषय.

आणि यातलं बरंचसं काम टेम्पोरल लोबच्या अपस्मारावरचं, शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावरचं आहे. तुझा जुवेनाइल मायोक्लोनिक, किशोरवयात सुरू होणारा, अंग दचकवणारा. सकाळी ब्रश हातातून उडायचा आणि टूथपेस्ट आरशावर जायची, तो. हा प्रकार औषधाला छान दाद देतो, पण औषध सोडलं की बहुतेकांना परत येतो.

“रक्तातलं मायक्रोआरएनए तपासून गोळी बंद करता येईल का?” असं तू विचारलंस. अजून नाही. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या की मिर-451 आणि मिर-16 सांडतात आणि आकडे बिघडतात. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची नळी वापरली तर आरएनए मोजणारी पीसीआर चाचणीच अडते. म्हणून ईडीटीएची नळी, लवकर आणि दोनदा फिरवलेला प्लाझ्मा, वर 414 नॅनोमीटरच्या प्रकाशात हिमोग्लोबिनची तपासणी. एवढं करूनही वेगवेगळ्या गटांचे निकाल जुळत नाहीत.

तुझ्या गोळीतलं लेव्हेटिरासिटॅम रक्तात 6 ते 8 तासांत निम्मं होतं. एक वेळ चुकली, तर 24 तासांनी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यात जागरण आणि पार्टी! माफ कर, पुन्हा भाषण झालं. ठाण्याच्या तलावपाळीला बोटीत बसायचा हट्ट करून सगळ्यांना रांगेत उभं करणारा तू आता पुण्यात स्वतःचं भाडं भरतोस, एवढे शोधनिबंध वाचतोस. बाबा हे विनूमामाला सांगत होते तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले.

गोळी विसरलास तर आठवताच घे. पुढची वेळ अगदी जवळ असेल तर एकच घे, दुप्पट नको. नव्या डॉक्टरला जुनी चिठ्ठी दाखव, कारण कार्बामॅझेपिन या दुसऱ्या औषधाने तुझे झटके वाढू शकतात. रूमवर झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही. 5 मिनिटांहून लांबला तर नाकातला मिडॅझोलम स्प्रे आणि लगेच रुग्णवाहिका. स्प्रेची तारीख बघून ठेव.

हे सगळं तुझ्या रूमवरच्या रोहितला सांगितलंयस ना? नसशील, तर त्याचा नंबर दे. मी सांगते.

तुझी,
आई