तोडलेल्या सागाची एक चकती जपून ठेवा

माननीय संपादक,

रस्ता रुंद करायचा म्हणून आमच्या वाड्यावरचा जुना साग गेल्या महिन्यात तोडला. ओंडके ट्रकात चढायच्या आत सुताराला विनवून मी दोन बोटे जाडीची एक चकती कापून घेतली. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली, पण असा धडा हाती आला नव्हता.

रंधा मारला आणि वलये स्वच्छ दिसली. उन्हाळ्यात पाने झडलेला साग पावसाच्या तोंडी पुन्हा वाढू लागतो, तिथे मोठ्या छिद्रांची एक ओळ उमटते. सालीकडून आत टाचण्या टोचत मी १९६४पर्यंत पोचलो. गोवा मुक्तीनंतरचा तो तिसरा पावसाळा.

वलय ज्या वर्षी बनते, त्या वर्षीच्या हवेतला कार्बन त्यात कायमचा अडकतो. अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, उत्तर गोलार्धात १९६३च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाला होता. त्याच वर्षी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि प्रमाण उतरू लागले. समुद्र आणि झाडे कार्बन किती झपाट्याने शोषतात, हे त्या उतारावरून मोजता आले.

दुसरी खूण कोळशाची आणि पेट्रोलची. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या इंधनात तो उरतच नाही. त्याचा धूर मिसळला की हवेतले कार्बन-१४चे प्रमाण घटते. शास्त्रज्ञ हान्स झ्यूस यांनी १९५५ साली हे झाडांच्या लाकडावरूनच दाखवले. हवेतला कार्बन केवळ वणव्यांनी वाढला, असे आजही ऐकू येते तेव्हा मला राहवत नाही. ताज्या लाकडाच्या धुरात कार्बन-१४ असतोच!

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या सागात बॉम्बचा हा कार्बन मोजला आहे. आपल्या सागांची मात्र थेट फळकुटे होतात.

वन खात्याला आणि पंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. जुना साग तोडावाच लागला, तर बुंध्याची एक चकती काढा. तोडल्याची तारीख आणि गाव कागदावर लिहून सोबत बांधा. तारीख नसेल तर वलये मोजायची कुठून? पॉलिश किंवा वाळवीचे औषध लावू नका, त्यातला कार्बन लाकडात मुरतो. चकती सावलीत वाळवून जवळच्या हायस्कूलला द्या.

माझी चकती मी अभ्यासासाठी द्यायला तयार आहे. टाचण्या अजून काढलेल्या नाहीत.

एक निवृत्त शिक्षक, सत्तरी, गोवा