मोतीला रक्त मिळवून देणाऱ्यांचे आभार

गोचिडीच्या तापाने आमच्या मोती कुत्र्याचे हिमोग्लोबिन ४ वर उतरले, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा रात्री अकरा वाजता त्याला रक्त देण्यासाठी आपला तीस किलोंचा लॅब्रॅडॉर कुत्रा घेऊन कोथरूडहून धावत आलेल्या आणि नावही न सांगता निघून गेलेल्या ताईंचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. मानेवरचे केस भादरून सुई टोचली जात असतानाही तो गुणी जीव शेपटी हलवत होता. सीटवर रक्ताचे डाग पडूनही जादा पैसे नाकारणाऱ्या रिक्षावाल्या काकांचेही आम्ही ऋणी आहोत. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स सुरू आहे (पोळीतली गोळी मोती बरोबर हुडकून थुंकतो). फिरून आल्यावर कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी आम्ही आता शोधतो. आधी शोधल्या नाहीत, हा दोष सर्वस्वी आमचा. ताईंनी निदान लॅब्रॅडॉरचे नाव तरी कळवावे, ही विनंती.