संशयाचा फायदा नेहमी मालकालाच का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मंत्र्यांना पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली बघत हृदयाच्या बंद नसा उघडतात त्या खोलीत, मी वीसेक वर्षं टेक्निशियन होते. वयाच्या 48व्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. भिंगाच्या मागच्या बाजूला धरलेला. मधुमेह आहे का, स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्या का, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं. दोन्हींना नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, नोकरी कुठे करता?

ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई मिळावी म्हणून मी रुग्णालयाकडे अर्ज केला. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. सेवाकाळातला माझा नोंदवलेला रेडिएशनचा डोस मर्यादेच्या आत आहे, सबब आजाराचा कामाशी संबंध दिसून येत नाही. खाली सही, शिक्का. विषय संपला.

हा डोस नोंदवतात कसा, ते आपल्याला माहीत असावं. आम्हाला टीएलडी बॅज, म्हणजे रेडिएशन मोजणारा बिल्ला, मिळतो. आत तीन चकत्या बसवलेली पट्टी असते, ती दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जाते, तिथे चकत्या तापवून त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून डोस काढतात. बॅज छातीवर लावायचा, शिशाच्या एप्रनच्या आत. एप्रन छाती झाकतो. डोळे उघडेच असतात. म्हणजे शिशाआड माझ्या छातीला काय पोचलं ते कागदावर आलं; डोळ्यांना काय पोचलं ते कधी कोणी मोजलंच नाही. लेडचे, म्हणजे शिशाच्या काचेचे, चष्मे लॅबमध्ये होते दोन, आणि ते डॉक्टरांचे.

तोही बॅज धड लावू दिला असता तर. रीडिंग वर गेलं की खुलासा मागतात, चौकशी लागते. म्हणून केसेसची रांग लागली की बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून आत जा, असं आम्हाला सांगितलं जायचं. तोंडी. लेखी कशाला देतील! कंत्राटी मुलांना तर महिनोन्महिने बॅजच नसायचा. एप्रन हँगरवर टांगायचे असतात, घडी पडली की आतल्या शिशाला भेगा जातात. आमच्याकडे ते खुर्चीवर ढीग करून टाकलेले असत. एकदा एक एप्रन फ्लूरोखाली, म्हणजे स्क्रीनवर चालू दिसणाऱ्या एक्स-रेखाली, धरून बघितला तर कमरेपाशी आडवी भेग स्क्रीनवर स्वच्छ दिसली. दुसऱ्या दिवशी तोच एप्रन पुन्हा त्याच ढिगात, आणि नवी आलेली मुलगी तोच घालून उभी.

मी एक्स-रेच्या विरोधात नाही. मध्यरात्री हार्ट अटॅकचा पेशंट आणतात, अर्ध्या-पाऊण तासात बंद नस उघडते आणि राखेसारखा पडलेला चेहरा टेबलावरच पुन्हा माणसात येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच डोळ्यांना आता एलबीएस रोडवर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटून पसरलेले दिसतात. मॉनिटरवरचे आकडे पुसट झाले तेव्हा नोकरी सोडावी लागली. घरात दोन शिकणारी मुलं, विक्रोळीतल्या घराचं भाडं, आणि कमावणारी मी एकटी. सांगा, कुठून आणायचे ऑपरेशनचे पैसे?

रुग्णालयाच्या एका साहेबांनी मला केरळचा दाखला दिला. म्हणाले, मॅडम, कमी डोसनं नक्की काय होतं यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, केरळात लोक पिढ्यान्‌पिढ्या रेडिएशनमध्येच राहतात. खरं आहे. कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम आहे, त्यातून रेडिएशन निघतं. तिथल्या सुमारे 70 हजार लोकांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॅन्सर वाढलेला आढळला नाही. आता दुसरी बाजू ऐका. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या 3 लाखांहून जास्त अणुकामगारांचा अभ्यास 2023 मध्ये आला. डोस वाढेल तसं कॅन्सरनं मरण्याचं प्रमाणही वाढतं, एका ग्रेमागे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या रेडिएशनचं माप) 52 टक्क्यांनी, असं त्यात निघालं. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्या लोकांचा अभ्यास 1950 पासून चालू आहे. 100 मिलीसिव्हर्टच्या (हेही डोसचंच माप) खाली परिणाम वेगळा काढणं फार कठीण, म्हणून धोका शून्यापासूनच सरळ रेषेत चढतो असं धरून जगभरात मर्यादा ठरतात. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं 2005 मध्ये त्यालाही हरकत घेतली. हा वाद प्रामाणिक आहे, चालू दे. पण केरळात घरोघरी रेडिएशन मोजलं, कॅन्सरची नोंदवही ठेवली, म्हणून तिथे काही म्हणता आलं. आमचं काय मोजलंत?

आणि डोळ्यांच्या बाबतीत तर वादाचा आडोसाही नाही. मलेशियात कॅथ लॅबवाल्यांचे डोळे तपासले, ते निष्कर्ष 2010 मध्ये आले. हृदयरोगतज्ज्ञांपैकी 52 टक्के आणि नर्सपैकी 45 टक्के लोकांच्या भिंगात मागच्या बाजूला डाग होते. या कामात नसलेल्यांत 9 टक्के. पुढच्याच वर्षी रेडिएशन संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं डोळ्यांची मर्यादा वर्षाला 150 वरून सरासरी 20 मिलीसिव्हर्टवर आणायला सांगितलं. हे मला, एका टेक्निशियनला, कळतं. तुमच्या खात्यातल्या डॉक्टरांना कळत नाही?

1923 चा कर्मचारी भरपाई कायदाही वाचून काढला. तिसऱ्या परिशिष्टात आयनीकारक, म्हणजे एक्स-रेसारख्या, किरणांमुळे होणारे आजार स्पष्ट लिहिलेले होते, आणि 2025 मध्ये त्याची जागा घेतलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलेले आहेत. त्या कामावर सलग 6 महिने काढलेल्या माणसाला असा आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी केलेला कायदा संशयाचा फायदा कामगाराला देत आला. आणि इथे मालक मलाच पुरावा मागतो, पुरावा ठेवायचं काम ज्याचं होतं तो.

आता तुमच्याकडे येते. राज्याराज्यांत रेडिएशन सुरक्षा संचालनालय उभारा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये सांगितलं. कॅगनं 2012 च्या अहवालात हिशेब मांडला तेव्हा ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये झालेलं होतं. मिझोरामला जमलं, महाराष्ट्राला तोवर नाही! त्याच अहवालात आहे की देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी 52,173 नोंदणीशिवाय चालू होती, म्हणजे 91 टक्के. आणि नियम मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड तेव्हा होता 500 रुपये. पाचशे रुपयांत एप्रनचा पट्टा तरी येतो का? अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून याच मुंबईत आहे, अणुशक्तीनगरला. पण आरोग्य राज्याचं, रेडिएशन केंद्राचं, आणि माणूस कोणाचाच नाही. विचारायला जावं तर एका दारावरून दुसऱ्या दारावर.

नवी कॅथ लॅब, नवं सीटी मशीन आलं की फीत कापायला पुढारी हजर असतात. मशीनच्या देखभालीचा करार लाखांचा असतो, आणि मशीनशेजारी उभ्या असलेल्या पोराला ठेकेदार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पगार देत नाही. त्याचा बॅज, त्याची तपासणी कोण बघणार? मशीन बिघडलं तर दोन तासांत इंजिनिअर येतो. माणूस बिघडला की दुसरा आणतात. खासगीत तेच, सरकारीत तेच, पालिकेत तेच. निवडणुकीला मत मागायला मात्र आमच्या चाळीच्या पायऱ्या बरोबर सापडतात.

महाराष्ट्राचं संचालनालय आज कुठे आहे, त्यात माणसं किती, आणि गेल्या वर्षभरात त्यांनी मुंबईतल्या किती कॅथ लॅब आत शिरून तपासल्या, याचं लेखी उत्तर द्या. एप्रनच्या बाहेर, गळ्यापाशी दुसरा बॅज सक्तीचा करा. कॅथ लॅबमधल्या प्रत्येकाची, कंत्राटी धरून, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी करा आणि तिचा कागद त्याच्या हातात द्या. माझी भरपाई मी तुमच्याकडे मागत नाही. तो दावा मी कामगार न्यायालयात लावते आहे, आणि ड्रॉवरमधल्या बॅजबद्दल तिथे शपथेवर सांगणार आहे.

आपली,
एक कॅथ लॅब टेक्निशियन
विक्रोळी, मुंबई