मंजे, तिसऱ्या भागावर थांबू नकोस

मंजे,

तुझा मेसेज वाचला. "भालेवाली काय हाणते गं! पुढे अशीच मारामारी आहे ना?" तेव्हाच कळलं की शैलाने तुला 'मोरिबितो' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या तिसऱ्या भागातली एक क्लिप तेवढी पाठवलीय. शैलाचं हे नेहमीचंच, मिसळीतली तर्री वाढायची आणि पातेलं स्वतःकडे ठेवायचं. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. तू मध्ये मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजतेस, म्हणून लिहायलाच बसले. माझी तब्येत ठीक, गुडघा हवा बघून वागतो. बास.

पहिलं सांगते ते हे की पुढे तशी मारामारी नाही. म्हणजे आहे, पण २६ भागांत ती तू बोटांवर मोजशील. खरी काळजी मला त्याचीच वाटतेय. तू आठव्या-नवव्या भागाशी येशील, "काहीच घडत नाही" म्हणशील आणि रिमोट ठेवून भाजी निवडायला जाशील. मालिकेचा जीव त्याच भागांत आहे. तुझा पूर्वेतिहास मला माहीत आहे. विणायला घेतलेल्या त्या निळ्या स्वेटरला अजून एकच बाही आहे.

तेव्हा मुळापासून सांगते. बाईचं नाव बाल्सा, वय ३०. हे वय मुद्दाम लक्षात ठेव, कारण ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, तिशीची नायिका म्हणजे अपूर्वाई. तिथे जग वाचवायचं काम बहुतेक शाळेच्या गणवेशातल्या पोरींकडे असतं. बाल्सा पैसे घेऊन लोकांचं रक्षण करते, तो तिचा धंदा. नव्या योगो राज्यात येताना पुलावरून जाताना तिला राजपुत्र नदीत पडलेला दिसतो, ती त्याला वाचवते, आणि त्याच रात्री धाकटी राणी तिला बोलावून सांगते की पोराच्या अंगात पाण्यातलं काहीतरी शिरलंय, म्हणून खुद्द त्याचा बापच त्याला गुपचूप मारायला निघालाय; याला घेऊन जा. मोबदला भरपूर आहे. पण एवढं गुपित कानावर घातल्यावर नकार देऊन ती राजवाड्यातून जिवंत बाहेर पडणार कशी? हा पेच बाल्साला लगेच कळतो, तरी ती आरडाओरडा करत नाही. इथून तिच्याकडे बघायला लाग. ती सतत हिशेब करत असते: वाट किती, अंधार किती, पोराच्या पायात काय आहे, मागावर कोण असेल.

आता शैलाच्या त्या क्लिपबद्दल. तिने ती कुठे तोडलीय ते मला पक्कं माहीत आहे. बाल्सा सगळ्यांना भारी पडतेय असं वाटतं तिथे. पुढचा तुकडा बघ. ती वाईट जखमी होते आणि चाग्युम, म्हणजे तो अकरा-बारा वर्षांचा राजपुत्र, ज्याने उभ्या जन्मात स्वतःचे कपडे स्वतः घातले नसतील, तो रात्री मदत आणायला एकटा पळतो. झटापट दुसऱ्यांदा बघशील तेव्हा तलवारींवर नको, भाल्याच्या मागच्या टोकावर नजर ठेव. बाल्साचा भाला आखूड आहे. फाळ पुढे असला तरी ती वार परतवते दांड्याने, मागच्या टोकाने मनगटावर आणि पोटात ठोसे देते, अंतर तोडते. समोरचे मारायला आलेत आणि हिला त्यांना मारायचं नाही, त्यामुळे हिचं काम दुप्पट अवघड. तिने आठ जीव वाचवायचं व्रत घेतलंय. आठच का ते २१व्या भागात कळतं. शैलाने सांगायला तोंड उघडलं तर फोन ठेव.

हो, आणि 'प्रिन्सेस मोनोनोके' सिनेमावरून झालेलं आपलं भांडण मी विसरलेले नाही. त्यातली एबोशी खलनायिका नाही हे माझं म्हणणं आजही कायम आहे. लोखंडाच्या भट्टीवर बायकांना काम देते, महारोग्यांना आसरा देते, आणि त्याच हाताने जंगल तोडते; तुला ती एका खणात बसवायची होती. बाल्सा कुठल्याच खणात बसत नाही, म्हणून तुझ्यासाठी ही निवड. (सूडही म्हण.)

आता कसं बघायचं ते. पहिले तीन भाग एका बैठकीत. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे सव्वा तासात उरकेल. चार ते सहा दुसऱ्या रात्री, आणि तेव्हा शेजारी कागद-पेन घेऊन बस, हसू नकोस. माणसं अडकतात ती इथे, कारण नावांचा भडिमार होतो. पाच गोष्टी लिहून ठेव: मिकादो म्हणजे सम्राट, होशियोमी म्हणजे राजदरबारचे तारे वाचणारे, खरी सत्ता त्यांच्या हातात, याकू म्हणजे योगो लोक यायच्या आधीपासून त्या भूमीवर राहणारे मूळचे लोक, सागू म्हणजे आपल्याला दिसतं ते जग, नायुगू म्हणजे त्याच जागी असलेलं, पण न दिसणारं दुसरं. एवढं असलं की पुढे कुठे अडणार नाही.

सातपासून चौदापर्यंत मात्र रोज एकच भाग. सलग बघायला गेलीस की कंटाळा येणार, हे मी लिहून देते. बाल्सा आणि चाग्युम गावाबाहेरच्या एका पाणचक्कीत लपून राहतात आणि मालिका मुद्दाम संथ होते. पोरगा बाजारात जायला शिकतो, सामान्य माणसांसारखं बोलायला शिकतो, सणाच्या कुस्तीत उतरतो. तू विचारशील, यात नायिका कुठे आहे? अगं, ती पाठीमागे उभी आहे. कुणाला घराचा पत्ता लागेल का, पोराला किती मोकळं सोडायचं, कधी आवरायचं, हे तिचं चाललेलं असतं. पडद्यावरची खंबीर बाई आपण किती गडी आडवे केले यावर मोजतो. इथे दिग्दर्शकाने मोजमापच बदललंय, आणि ते बदलायला त्याला हे आठ भाग लागलेत. घाई करशील तर बदललेलं कळणारच नाही.

त्यातला आठवा भाग एकटीने बघ. फोन दुसऱ्या खोलीत. जवळजवळ सबंध भाग एका लोहाराकडे घडतो. बाल्साला भाल्याचं काम करून हवंय, म्हातारा चटकन हो म्हणत नाही. तेवढ्यात तिच्या मागावर असलेले शिकारीच तलवारी घेऊन त्याच्याकडे येतात आणि बाल्सा नि चाग्युम आतल्या बाजूला बसून सगळं ऐकतात. एक वार नाही, एक पाठलाग नाही. नुसतं बोलणं, आणि मध्ये एक भिंत. त्या भागात बाल्साचा चेहरा किती कमी हलतो ते बघ. दिग्दर्शक केंजी कामियामा. याआधी 'घोस्ट इन द शेल'ची मालिका केलेला माणूस, म्हणजे गोळीबार आणि यंत्रमानव त्याच्या हातचा मळ. ते सोडून तो भट्टीपाशी चोवीस मिनिटं बसतो, याला जिगर लागते. निर्मिती प्रॉडक्शन आय.जी.ची, २००७ साली जपानच्या एनएचके वाहिनीवर आली होती. संगीत केंजी कावाईचं.

पंधराव्या भागापासून राजवाडा परत जागा होतो, मग दिवसाला दोन चालतील. शुगा नावाचा तरुण होशियोमी तळघरातल्या जुन्या शिलालेखांवर डोळे फोडत बसलेला असतो. राज्याची अधिकृत कथा अशी की पहिल्या सम्राटाने जलराक्षस मारला आणि दुष्काळ टळला. याकू लोकांच्या तोंडी असलेली कथा नेमकी उलट आहे, आणि पोराच्या अंगात आहे ते अंडं राक्षसाचं की पाऊस आणणाऱ्या जीवाचं, यावर सगळं लटकलंय. दगडावर कोरलेलं खरं की म्हातारीच्या तोंडचं, हा झगडा लेखिकेने हवेतून आणलेला नाही. नाहोको उएहाशी ही मानववंशशास्त्राची अभ्यासक, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये तिने क्षेत्रकार्य केलंय. मूळ कादंबरी १९९६ची, आणि २०१४ साली तिला हान्स ख्रिश्चन ॲन्डरसन पुरस्कार मिळाला. बालसाहित्यात याहून मोठा मान नाही, तेव्हा "पोरांचं कार्टून" हा शब्द यापुढे माझ्यासमोर काढायचा नाही.

म्हातारीवरून आठवलं, तोरोगाई! तुला बाल्सापेक्षा तीच आवडणार. याकूंची मांत्रिक, सत्तरीची, कुरूप, तोंडाने फटकळ. दरबारातल्या विद्वानांना जे कळत नाही ते हिला माहीत असतं आणि त्याबद्दल हिला त्यांचं काडीचं कौतुक नाही. कमलआत्याच वाटते, फक्त तपकीर नाही. आणि तान्दा, तिचा शिष्य. झाडपाला जमवणारा, बाल्साच्या जखमा शिवणारा, तिची वाट बघणारा पुरुष. तो बिचारा दुबळा म्हणून दाखवलेला नाही, विनोदालाही ठेवलेला नाही. तो रागावतोसुद्धा, दर वेळी फाटून येतेस आणि मी शिवायचं म्हणून. या जोडीबद्दल तुझं मत मला सविस्तर हवंय.

२० आणि २१ हे दोन भाग मात्र लागोपाठ बघ, मधे चहाही नको. हिवाळा घालवायला सगळे डोंगरातल्या गुहेत जातात. तोवर शहाण्यासारखा वागलेला चाग्युम संतापतो, मीच का म्हणून. आणि बाल्सा त्याला जिगुरोची गोष्ट सांगते. ती सहा वर्षांची असताना तिला घेऊन पळालेला, तिला भाला शिकवणारा तो माणूस. इतके भाग आपण तिला पोराचं रक्षण करताना बघत असतो. इथे तीच पूर्वी त्या पोराच्या जागी होती हे उलगडतं, आणि तेव्हा आपल्यासाठी कुणी काय किंमत मोजली याचा अंदाज तिला आत्ता, दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर येतोय. पुढचं लिहीत नाही. मधले संथ भाग गाळले असतील तर या गोष्टीचा काही उपयोग होत नाही, एवढंच. पाणचक्कीतले ते रिकामे दिवस पाठीशी असले तरच ती गुहा अंगावर येते. म्हणून इतकं पाल्हाळ लावलंय.

आवाज जपानीच ठेव, खाली इंग्रजी अक्षरं. इंग्रजी डब वाईट नाही, पण जपानीत चाग्युमचा आवाज खऱ्या लहान मुलाचा आहे आणि इंग्रजीत मोठ्या बाईचा. या पात्राला तो फरक सोसत नाही. चष्म्याचा नंबर मात्र आधी तपासून घे, नाहीतर अर्धा वेळ "काय म्हणाला?" करशील.

मीराला बरोबर बसवलंस तरी चालेल. तेरा वर्षांच्या मुलीला दाखवताना आपल्याला जी धास्ती असते, कॅमेरा कुठे रेंगाळेल याची, ती इथे नाही. बाल्साचे कपडे विटके, केस मागे बांधलेले, बस. रक्त आहे, तिसऱ्यात आणि एकविसाव्यात जास्त. तिला वाचायचं असेल तर पहिल्या दोन कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, भाषांतर कॅथी हिरानोचं. मारी कोंडोचं घर आवरायचं पुस्तक इंग्रजीत आणलं तीच ही बाई. (ते पुस्तक तू वाचलंस, कपाट मी पाहिलंय.) दुसऱ्या कादंबरीत बाल्सा तिच्या मूळ देशात, कानबालला परतते. तो भाग ॲनिमेत नाही. एनएचकेने २०१६ ते २०१८मध्ये खऱ्या माणसांना घेऊन २२ भागांची मालिका केली, त्यात पुढचं येतं, पण तिकडे आत्ता वळू नकोस.

हे संपलं आणि भूक राहिली तर 'ट्वेल्व्ह किंगडम्स', २००२ची, ४५ भाग. तिथली योको सुरुवातीला इतकी रडूबाई आहे की तू मला शिव्या घालशील. घाल. पहिली कथा १३ भागांत संपते, १४वा नुसती उजळणी, तो सरळ सोड. २३ ते ३९ यांत तीन तरुणी आहेत, योको, सुझू आणि शोकेई, तिघीही आपल्याच दुःखाला कवटाळून निघालेल्या, आणि लेखिका तिघींनाही ते सोडायला लावते, दयामाया न दाखवता. ४०वा पुन्हा उजळणी. रडगाणं एकच, मूळ कादंबऱ्यांतलं बरंच काही मालिकेत आलंच नाही, धागे लोंबकळत राहतात. तुला अर्धवट गोष्टींची सवय आहे म्हणा.

भाऊजींची बदली झाली का नाशिकला? मीराच्या क्लासचं काय ठरलं? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे शैलाकडून कळलं, त्यांना नमस्कार सांग. तू नोकरी सोडायचं म्हणत होतीस ते फोनवर बोलू, पत्रात नको.

आठवा भाग झाला की लगेच मेसेज कर, आणि "छान आहे" एवढंच लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

तुझी,
नंदा

ता. क. शैलाला यातलं काही सांगू नकोस. तिने स्वतः दहाव्या भागाच्या पुढे बघितलेलं नाही, मी खात्री करून घेतली आहे.