अभ्यासिकेतल्या त्या पोट्टीला, जाहीर आभार

बेटा, नाव लिहू नका काका म्हणालीस म्हणून लिहत नाही, पण मानेवाड्याकडच्या आपल्या अभ्यासिकेत येणारे सगळे ओळखतीलच मी कोणाबद्दल लिहून राहिलो ते. स्वतःची एमपीएससीची तयारी बाजूला ठेवून रविवारी सकाळी आम्हा रिटायर लोकांना एआय म्हणजे काय ते शिकवत बसतेस, पैसा घेत नाहीस, वरून चहा पण तूच सांगतेस. तोंडावर काही बोललो असतो तर तू विषयच बदलला असतास, म्हणून इथं लिहितो.

याच्या आधी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात वर्कशॉप केलं होतं. फी हजारात, एसी हॉल, कोटवाला माणूस दिवसभर पडद्यावर हे टूल ते टूल सरकवत होता आणि मधून मधून "एआय नाही शिकला तो संपला" म्हणून घाबरवत होता. मी विचारलं, साहेब हे मशीन उत्तर आणते कुठून? तर म्हणे ते ॲडव्हान्स कोर्समधे आहे. घ्या! घरी पुतण्याला विचारलं तर त्यानं मोबाईलमधून मान पण वर नाही केली, "काका तुम्हाला काय करायचंय ते". बरं बाप्पा.

तू मात्र पहिल्याच दिवशी मोबाईल खिशात ठेवायला लावलेस, फळ्यावर लिहिलंस "नागपुरात मे महिन्यात फार" आणि पुढचा शब्द विचारलास. सगळे ओरडले, ऊन! कोणी म्हणालं गर्मी. मग सांगितलंस की चॅटजीपीटीसारखं मशीन मुळात हेच करते, प्रचंड मजकुरावरून शिकून पुढं कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त ते काढते, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि खरं खोटं आपणहून तपासत नाही म्हणून चुकते तेव्हाही भाषा तेवढीच ठाम असते. एवढं एका वाक्यात सांगायचं होतं, त्या कोटवाल्याला दिवस पुरला नाही. एआय, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, हे नावच 1956 च्या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या बैठकीपासून रूढ झालं हे तूच सांगितलंस. आणि 1966 ची ती एलायझा! साधा प्रोग्राम, आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, आणि बनवणाऱ्या वायझेनबॉम साहेबाची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना साहेबालाच म्हणाली जरा बाहेर जा. तवापासून माणूस फसूनच राहिला म्हणा ना.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एका रविवारी तू म्हणालीस, ज्याला जे सगळ्यात जास्त कळते तेच मशीनला विचारा. माझं आयुष्य कळमन्यात संत्र्याच्या अडतीवर मुनीमकीत गेलं, मी टाकलं मृग बहाराचा माल बाजारात कधी येतो. झरझर उत्तर, गोड मराठी, दिवाळीच्या सुमारास म्हणे. बाजूचे दोघं माना डोलावून राहिले होते. मला हसू आलं. अरे दिवाळीच्या आसपास येतो तो आंबिया, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. मृग पावसाळ्याच्या तोंडावर फुलतो आणि माल येतो फेब्रुवारी-मार्चात. तू आलीस, वाचलंस, आणि म्हणालीस "मग काका, बरोबर काय ते सांगा". मी सुरूच झालो, ताण काय, म्हणजे फुलं यावी म्हणून झाडाचं पाणी का तोडतात, सगळं. तू खुर्ची ओढलीस, स्वतःची अभ्यासाची वही उघडलीस आणि पेननं लिहून घ्यायला लागलीस. मधेच विचारलंस पण, ताण किती दिवस द्यायचा? मी म्हटलं ते जमिनीवर आहे, भारी जमिनीला जास्त. ते पण लिहिलंस.

बेटा, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब लिहिले. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं ते पहिल्यांदा. घरी येऊन बायकोला सांगताना गळा भरून आला, ती म्हणे काय झालं, आता काय सांगू.

तवापासून भीती गेली. मशीनला विचारतो, पण पारखून घेतो, आधार कार्डाचा फोटो टाकत नाही. आपल्या वर्गातल्या एका वहिनींना मुलाच्या आवाजात फोन आला, अपघात झाला पैसे पाठव, एआयनं बनवलेला हुबेहूब आवाज, तर त्यांनी फोन ठेवून मुलाच्या नंबरवर लावला, तो ऑफिसात डबा खाऊन राहिला होता. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. हे तूच शिकवलं होतंस ना.

चार गोष्टी जास्त कळल्या की समोरच्याला लहान करणारे पायलीचे पन्नास भेटतात, ऑफिसात, बँकेत, आपल्याच घरात. समोरच्याला काय येते ते आधी विचारणारा माणूस मोठमोठ्या डिग्रीवाल्यांत पण सापडत नाही जी, आणि इथं पंचविशीतल्या पोट्टीला ते कोणी न शिकवता येते. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग.

आणि एक विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी यायचं म्हणतात, एकीजवळ साधाच बटनाचा फोन आहे. आणू का या रविवारी?