भीमाचं भांडण कोल्ह्यांशी नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात बारावीच्या मुलांसाठी कथेतल्या संघर्षाचा तक्ता छापलात. माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध निसर्ग, विरुद्ध समाज, विरुद्ध स्वतः. प्रत्येकापुढे एकेक कथा, आणि खाली ‘एवढे मुद्दे लिहिल्यास पूर्ण गुण’. अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ निसर्गाच्या रकान्यात टाकली आहे, कारण दगडाची खाण बंद पडल्यावर मढ्यांबरोबर पुरलेलं सोनं शोधणारा त्यातला भीमा स्मशानात कोल्ह्यांशी झुंजतो. तक्ता करणाऱ्यांनी ती कथा शेवटपर्यंत वाचली आहे का?

परळच्या एका रात्र महाविद्यालयात मी 19 वर्षं मराठी शिकवलं. दिवसभर राबून आलेली मुलं. कुणाच्या हाताला ग्रीसचा वास, कुणी टपरीवरून थेट वर्गात. ही कथा मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. कोल्ह्यांपाशी वर्ग श्वास रोखून ऐकायचा, हे खरं. पण एका वर्षी वाचून झाल्यावर प्रेस मशीनवर काम करणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, खाण चालू होणार हे त्याला आदल्या दिवशी कळलं असतं तर?”

मागून कुणीतरी म्हणालं, “तर मसणात गेलाच नसता.”

“बोटं राहिली असती,” तो म्हणाला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. इतके महिने तो माझ्या समोरच्या बाकावर बसत होता, मला ते त्या दिवशी दिसलं.

त्या रात्री घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. भीमा हा वारणेकाठचा दांडगा गडी, हाताला दगड फोडायचं काम आहे तोवर स्मशानाकडे फिरकत नाही. काम सुटतं तेव्हा मढी उकरतो. प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं डॉक्टर कापतो आणि त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते. कोल्हेही बिचारे भुकेनंच आले होते, त्याच प्रेतावर. मग हा संघर्ष कुठल्या रकान्यात घालायचा?

घटक चाचणीत त्या मुलानं लिहिलं, ‘भीमाचं भांडण कोल्ह्यांशी नाही, त्यांना पण तेच पाहिजे होतं. त्याचं भांडण बंद खाणीशी आहे.’ पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासला. 4 पैकी 1 गुण, शेरा ‘मुद्दे नाहीत’. मी जाऊन भांडले. आदर्श उत्तरात ‘निसर्ग’ आहे, एवढंच ऐकून परत आले. पुढच्या चाचणीत त्यानं गाइडमधलं शब्दन्‌शब्द उतरवलं. 4 पैकी 4. तो पेपर हातात घेऊन मी शिक्षकखोलीत रडले आहे. काल तुमचं पान बघताना तोच पेपर पुन्हा डोळ्यांपुढे आला.

बारावीला कथा विभागाला 80 पैकी 10 गुण आहेत, मुलं पाठ करणारच. पण संघर्ष शिकवायचा तर मुलांना विचारा, याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि ते मिळवताना हा काय गमावतो. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये हमीदच्या खिशात 3 पैसे असतात. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. त्याला तव्यावर भाजणारी आजीची बोटं आठवतात आणि तो चिमटा घेतो. जत्रेत त्याचा वैरी कुणी नाही. तरी त्या मिठाईच्या दुकानापुढून पाय उचलणं किती जड गेलं असेल, हे पाचवीतलं पोरसुद्धा बरोबर सांगतं. त्याला तक्ता लागत नाही.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या पुरवणीतली कथा तुम्ही बंद केलीत, ती का? मी ती कात्रणं जपून ठेवायचे आणि वर्गात वाटायचे. पुस्तक विकत घेणं परवडत नसलेल्या मुलांना कथा म्हणून हाती यायचं ते तेवढंच.

ती कथा पुन्हा सुरू करा. आणि परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्याआधी ‘स्मशानातील सोनं’पुढची ती नोंद दुरुस्त करून छापा. तुमचं पान कापून वहीत चिकटवणारी मुलं आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुंबई